वणवा विझवायचा ठेका द्यावा का?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलंय: दर उन्हाळ्यात आमच्याकडचे डोंगर जळतात, वनखात्याची चार माणसं धावून धावून दमतात. अमेरिकेत म्हणे खाजगी कंपन्या वणवे विझवतात. मग खानापूर तालुक्यातही खात्याच्या माणसांऐवजी ठेकेदाराला काम देऊन मोकळं का होऊ नये? पंचायतीत तसा ठराव घ्यायचा त्यांचा विचार आहे.

मी कर्नाटक वनखात्यात गार्ड म्हणून लागलो आणि डीआरएफओ, म्हणजे रेंज ऑफिसरच्या हाताखालचा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं खानापूर आणि हल्याळ भागात गेली. माझं मत आधीच सांगतो. ठेक्याला माझा विरोध नाही. पण तुम्ही ज्या कामाचा ठेका देऊ बघताय ते काम ठेक्यानं होत नाही, आणि जे ठेक्यानं होतं त्याचा ठेका आपण आजवर धड दिलेला नाही.

मुळात "खात्याची माणसं" म्हणून तुम्हाला जी दिसतात त्यातली निम्मी खात्याची नसतातच. जानेवारी उजाडला की फायर वॉचर, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारे हंगामी मजूर, घेतले जातात, मे महिन्यात वळीव पडेपर्यंत. अंगात खाकी, हातात कोयता, पण पगार एजन्सीकडून. म्हणजे गुत्तेदार आधीच आलाय. मी एका रेंजला, म्हणजे वनक्षेत्राच्या ऑफिसला, असताना अशा पोरांचा तीन महिन्यांचा पगार अडकला होता. एजन्सी म्हणे बिल पास नाही, ऑफिस म्हणे एजन्सीनं कागद दिले नाहीत. मार्चच्या अखेरीला त्यातला एकजण मला म्हणाला, "साहेब, काजूच्या बागेत राखणीला गेलो तर रोजच्या रोज पैसे देतात." गेला तो. त्याच्या बीटमध्ये, म्हणजे राखणीच्या हद्दीत, पुढच्या आठवड्यात आग लागली तेव्हा तिथली पायवाट माहीत असलेलं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा ठेका दिला की कटकट संपते, हे डोक्यातून काढा. ती फक्त दुसऱ्या टेबलावर जाते.

आता अमेरिकेचं. खाजगी माणसं तिथं आगीवर जातात हे खरं आहे. ओरेगनसारख्या राज्यात वीस-वीस जणांच्या तुकड्या पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. पाण्याच्या गाड्या, बुलडोझर, जेवणाचे तंबू, आंघोळीच्या गाड्यासुद्धा भाड्यानं येतात. आगीवर रसायन टाकणारी मोठी विमानं तर बहुतेक खाजगी कंपन्यांचीच. पण त्या आगीवर हुकूम चालतो तो सरकारी अधिकाऱ्याचा. कोणती तुकडी डोंगराच्या कुठल्या धारेवर जाणार, कधी मागं फिरणार, उलटा जाळ, म्हणजे येणाऱ्या आगीसमोर मुद्दाम लावलेली आग, कुठून लावायचा, हे तो ठरवतो. कंपनी माणसं आणि यंत्रं देते, निर्णय देत नाही. तिथलं खाजगी बळ सरकारी माणसाच्या हाताखाली असतं, त्याच्या जागी नसतं. तुमच्या प्रश्नातला "ऐवजी" हा शब्द इथंच अडतो.

दुसऱ्या एका प्रकारच्या कंपन्या विमा कंपन्यांसाठी काम करतात. ज्याच्या घराचा विमा त्याच्या घराभोवती पाणी मारायचं, पाचोळा काढायचा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सची आग लागली, तेव्हा आजूबाजूची घरं राख होत असताना एक शॉपिंग संकुल खाजगी बंबांनी राखलं. कॅलिफोर्नियानं २०१८ सालीच कायदा करून अशा खाजगी तुकड्यांना सायरन आणि दिवे वापरायला मनाई केली आणि आगीवरच्या सरकारी प्रमुखाशी समन्वय ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडं हे आणलं तर काय होईल? रिसॉर्टवाल्याचा ठेकेदार रिसॉर्ट राखील, आणि आग शेजारच्या धनगरवाड्याच्या गोठ्याकडं वळेल.

विमानांची गोष्टही पुरी सांगितली पाहिजे. २००२ साली ठेक्यावरची दोन जुनी विमानं आगीवर काम करताना हवेतच मोडली, आतली माणसं गेली. २००४ मध्ये सरकारनं सुरक्षिततेच्या कारणावरून ३३ मोठ्या विमानांचे ठेके एकदम रद्द केले. सगळा भार ठेक्यावर टाकलेला असला की ठेका गेल्यावर हातात काय उरतं, याचा हिशेब आधी करायचा असतो.

शिवाय त्यांची आग वेगळी, आपली वेगळी. त्यांच्याकडं अनेकदा सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवरून आग धावते, मैल-मैल. आपल्याकडं ती जमिनीवरून चालते. पातेरा म्हणजे पाचोळा, वाळलेलं गवत, झुडूप. ज्वाळ बहुतेक वेळा गुडघ्याएवढी, गवताच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावर, कमरेच्या वर. तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या दऱ्यांतलं सदाहरित रान सहसा पेटत नाही, खाली ओल असते. पेटतात ते सडे, धारा आणि पूर्वेकडचं पानगळीचं जंगल: नागरगाळी, गोल्याळी, लोंढ्याच्या बाजूचं ऐन-किंदळ-सागवान. असल्या आगीला विमान लागत नाही, माणूस लागतो, आणि तो पहिल्या तासात लागतो. अपवाद आहेत. मार्च २०२३ मध्ये आपल्या डोंगरापलीकडं गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी पसरल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादलीनं पाणी टाकत होती. तिथले कडे असे की माणूस चढूच शकत नाही. पण खालून धुमसणारा बुंधा वरून पाणी टाकून विझला असं समजू नका. शेवटी पायी जाऊन राख उकरावीच लागते.

पहिला तास म्हणजे काय ते एका दुपारच्या गोष्टीवरून सांगतो. गाव सांगत नाही, उगाच कोणाला लागायला नको.

मार्चचा पहिला आठवडा. साडेतीनच्या सुमाराला सड्याच्या पश्चिम अंगाला धूर दिसला. सकाळचं उगवतीचं वारं पडलेलं आणि समुद्राकडचं वारं घाटावर चढू लागलेलं, म्हणजे आग धारेकडं पळणार हे ठरलेलं. त्या वर्षी वरिष्ठांच्या हौसेनं एका खाजगी संस्थेची आठ जणांची तुकडी चाचणीला घेतली होती. पोरं चांगली होती, तरणी, हेल्मेट, बूट, पाचोळा उडवायचे नवेकोरे ब्लोअर. टेम्पोतून आली. वॉकीटॉकीवर आमचा म्हातारा वॉचर सांगत होता, "देवाच्या राईच्या वर, आडव्या व्हाळाच्या अलीकडं, शेपटीकडनं या." अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आमचं नेहमीचं. तुकडीचा मुकादम बागलकोटकडचा. त्याला कन्नड समजत होतं, पण आडवा व्हाळ, म्हणजे ओढा, कुठला ते कुठल्याच भाषेत समजणार नव्हतं. मोबाईलवर नकाशा उघडायला गेला, तर रेंज नाही. टेम्पो जायचा तिथवर गेला आणि तिथून ती पोरं सरळ धुराच्या दिशेनं चढली. म्हणजे आगीच्या तोंडासमोर, वरच्या अंगाला. वणव्यात माणूस मरतो तो असाच. चढावर आग पळते ती तुमच्यापेक्षा जोरात.

म्हाताऱ्यानं शिव्या घालत त्यांना खाली घेतलं. मग जे करायचं ते केलं. आग जिथून सुरू झाली त्या शेपटीकडून, जळून काळी झालेली जमीन पाठीशी ठेवून, दोन्ही कुशींनी तिला दाबत न्यायचं. हातात पानाळ ओली डहाळी, भोम्याची नाहीतर जांभळीची. नवखा माणूस डहाळी उचलून आपटतो, आणि प्रत्येक आपटण्यासरशी ठिणग्या पलीकडं उडतात. आपटायचं नाही, आगीवर ठेवून आतल्या बाजूला, जळलेल्या अंगाकडं, ओढायचं. ब्लोअरचंही तेच. आगीच्या पुढं पातेरा सारून पट्टा मोकळा करायला ब्लोअरसारखं दुसरं काही नाही, दहा माणसांचं काम एक यंत्र करतं, हे मी मान्यच करतो. पण त्या पोरांनी तो पेटत्या कडेवर वाऱ्याच्या दिशेनं धरला आणि निखारे वीस पावलं पलीकडच्या गवतात नेऊन टाकले. एकाच्या दोन आगी झाल्या.

रात्री नऊनंतर वारं पडलं, दव धरू लागलं, आग मऊ झाली. खरं काम तेव्हा असतं, पहाटेपर्यंत. तुकडी साडेआठलाच उतरली होती. त्यांची पाळी संपली होती, करारात तसं होतं, त्यांची चूक म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वठलेल्या किंदळाच्या पोकळीतली धग वाऱ्यानं पुन्हा उठली. धुमसणारे ओंडके फोडणं, मुळं उकरणं, हात लावून राख गार झाली का बघणं, हे कंटाळवाणं काम कुठल्याच बिलात नीट मांडता येत नाही. ज्याला उद्या पुन्हा त्याच डोंगरावर यायचंय तोच ते करतो.

आता तुम्ही म्हणाल, उपग्रहाचा निरोप येतो की मोबाईलवर. येतो, आणि उपयोगाचाही आहे. पण आगीची बारीक नोंद घेणारे जे उपग्रह आहेत ते साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला आपल्या डोक्यावरून जातात, आणि त्यांचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. चार वाजता पेटलेली आग त्यांना मध्यरात्रीनंतर दिसणार. तोवर ती धार ओलांडून गेलेली असते. चार वाजता ती दिसते गुराख्याला, मध काढणाऱ्याला, तळेवाडी-गवाळीच्या वाटेनं चाललेल्या माणसाला. त्या माणसानं फोन केला पाहिजे.

आणि तो करत नाही. याचं कारण आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. पूर्वी वणवा दिसला की गाव धावायचं. कायद्यातही, जंगलात ज्यांना हक्क-सवलती आहेत त्यांनी आग विझवायला मदत करायची अशी जुनी तरतूद आहे, कर्नाटकाच्या १९६३ च्या वन कायद्यात. पण हल्ली जो विझवायला येतो त्यालाच पहिला प्रश्न, "कोणी लावली? तू इथं काय करत होतास?" भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, आणि गावं आतच राहिली. रस्ता मागितला की अभयारण्य, पूल मागितला की अभयारण्य, आणि आग लागली की मात्र "तुमचं जंगल आहे, धावा." माणूस का धावेल? आग बहुतेक वेळा माणसाकडूनच लागते हेही तितकंच खरं, ते मी झाकत नाही. कोवळं गवत फुटावं म्हणून, शिकारीसाठी, मधाच्या पोळ्याखालच्या टेंभ्यानं, बांध जाळताना हातातून सुटून, नाहीतर नुसती बिडी. पण लावणारा एक आणि विझवू शकणारे पन्नास, हा हिशेब खात्यानं उलटा मांडलाय.

ठेकेदार आणला की हा धागा पुरताच तुटतो. गाव म्हणेल, पैसे तो घेतो, तोच विझवील. आणि त्याहून वाईट गोष्ट पैशाची. विझवण्याच्या दिवसावर पैसे ठरवले, तर ज्या हंगामात आग नाही त्या हंगामात ठेकेदाराची कमाई नाही. तो आग लावील असं मी म्हणत नाही, पण धाकट्या आगीकडं धावण्याची घाई त्याला कशाला असेल? उलट एकगठ्ठा रक्कम ठरवली, तर आग लागल्यावर कमीत कमी माणसं पाठवण्यात त्याचा फायदा. दोन्हीकडून किंमत डोंगरच भरतो.

अधिकाराचंही बघा. अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नं मनाई आहे. मोठा वणवा अडवायला कधी कधी समोरून उलटा जाळ द्यावा लागतो. तो निर्णय घेणारा खात्याचा जबाबदार माणूस जागेवर लागतो. ठेकेदाराच्या मुकादमानं काडी ओढली आणि वारं फिरून कोणाची काजूची बाग गेली, तर भरपाई कोण देणार? एजन्सी हंगाम संपल्यावर सापडतसुद्धा नाही. जळून जखमी झालेल्या मजुराचं तेच. आणि हद्द आहेच. चोर्ल्याला तीन राज्यं भेटतात. भीमगडची धार उतरली की गोव्याची म्हादई, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प. पलीकडच्या गार्डला मी फोन करून सांगायचो, "तुझ्याकडं येतीय, शिवेवर थांब." ठेक्याचा कागद शिवेवर संपतो.

मग ठेका कशाचा द्यायचा? आगीच्या आधीच्या कामाचा, आणि तो आपण कसा चुकीचा देतो हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

जाळरेषा, ज्याला सगळे फायर लाईनच म्हणतात, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, ती डिसेंबर-जानेवारीत साफ करतात. गवत कापायचं, पाचोळा ओढायचा, थंडीत दव असताना पट्टा जाळून घ्यायचा. हे काम मोजता येतं, इतकी लांबी, इतकी रुंदी, म्हणून ठेक्याला योग्य. एका वर्षी जानेवारीच्या मध्याला मी एका गुत्तेदाराची तीन किलोमीटरची लाईन एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, चढवून सही केली. सगळी चालून बघितली नव्हती. दोन टोकं बघितली, मधला चढ सोडला. पण खरी चूक ती नव्हती. मधला चढही साफच होता, हे नंतर कळलं. चूक अशी की ऐन, नाणा, सागवान यांची पानं फेब्रुवारीभर गळत राहतात. मार्च उजाडेपर्यंत माझी काळीभोर लाईन पुन्हा घोट्याएवढ्या पातेऱ्यानं भरली होती. आग आली आणि लाईन नसल्यासारखी ओलांडून गेली. गुत्तेदाराचं बिल निघालं होतं, आणि ते योग्यच निघालं होतं. टेंडरमध्ये दुसरी सफाई लिहिलेलीच नव्हती. टेंडर ज्यानं केलं त्यानं पान गळताना पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलं होतं, पण बोललो नाही.

तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे: लाईनचे पैसे दोन हप्त्यांत. अर्धे जानेवारीत, अर्धे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्यांदा पातेरा काढल्यावर, आणि तेव्हा गावच्या दोघांनी गार्डबरोबर ती अख्खी चालून सही करायची. ब्लोअर इथं ठेकेदाराचेच वापरा, जोरात चालतील. पाण्याच्या टाक्या भरून ठेवणं, वॉचटॉवरची वाट तोडणं, रात्री माणसं पोचवायला जीपगाडी, जेवण, बॅटऱ्या, हेही ठेक्यानं द्या. अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर एवढं घ्या.

पहिल्या तासाची माणसं मात्र गावचीच, आणि कायमची. जगात या अंगानं मला जवळचं वाटतं ते दक्षिण आफ्रिकेचं. तिथं २००३ पासून खेड्यातल्या बेकार पोरापोरींना आगीचं शिक्षण देऊन सरकारी पैशावर वर्षभर कामाला ठेवतात. व्यवस्थापन बरीच वर्षं खाजगी कंपनीनं बघितलंय, म्हणजे ठेक्याचं नाव काढलं की नाक मुरडण्याची गरज नाही. पण आग नसते तेव्हा तीच पोरं पट्टे साफ करतात आणि गावोगाव समजावत फिरतात. आपल्याकडं १९९३ पासून ग्राम अरण्य समित्या आहेत, बऱ्याच ठिकाणी फक्त बोर्डावर. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिलाय. केंद्राची वणवा प्रतिबंधाची योजना आहे, ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. म्हणजे पैशाचा रस्ता अगदीच बंद नाही.

तेव्हा ठराव घेणार असाल तर "वणवा विझवण्याचं काम ठेक्यानं द्यावं" असं लिहू नका. लिहा, की आमच्या पंचायतीच्या हद्दीतले फायर वॉचर आमच्याच वाड्यांतले घ्यावेत, त्यात धनगरवाड्यावरचे किमान दोघे. त्यांचा पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत बँकेत पडावा, एजन्सी असो वा नसो. प्रत्येकाला बूट, पाण्याची बाटली, बॅटरी आणि विमा. आग कळवणाऱ्याला आणि विझवायला येणाऱ्याला त्या दिवशी चौकशीला बसवू नये, चौकशी करायची ती नंतर, वेगळ्या माणसानं. आणि फायर लाईनच्या दुसऱ्या सफाईची तारीख टेंडरमध्येच छापावी.

हा ठराव नोव्हेंबरच्या आत रेंज ऑफिसला पोचवा, कारण टेंडरचे कागद तेव्हाच बनतात. मराठीत लिहा, पण सोबत कन्नड प्रत जोडा, आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्या.